चार मीटरच्या आत

गेले तीन शनिवार-रविवार काहीच लिहिलं नाही. प्रॉडक्शन रिलीज होता, आणि रिलीज म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं कारण द्यायची गरज नाही. आजचं जरा लांबलंय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

सुरुवात २०२३ पासून करतो. मी तेव्हा ऑनसाईट होतो, इंग्लंडात. टीममधल्या पोरांनी टूम काढली की शनिवारी एअरसॉफ्ट खेळायला जायचं. एअरसॉफ्ट म्हणजे लुटुपुटूची लढाई. बंदुका दिसायला अगदी खऱ्यासारख्या, पण त्यातून सुटतात सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या. जपानमधे १९७० च्या दशकात हे सुरू झालं, कारण तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळजवळ अशक्य. आपल्याकडे 'चोर-पोलीस' जसं वयाच्या दहाव्या वर्षी संपतं, तसं ह्या लोकांचं संपत नाही एवढंच :)

खेळाआधी वीस मिनिटं सुरक्षेचं भाषण झालं. त्यातली पंधरा मिनिटं डोळ्यांवर. गॉगल काढलात तर तिथल्या तिथे बाहेर, पैसे परत नाहीत. कानांबद्दल एक अक्षर नाही. आणि मग दुपारी एका जुन्या काँक्रीटच्या खोलीत आम्ही चौघं लपलेलो असताना दारातून काहीतरी घरंगळत आत आलं. ह्या खेळात नुसता आवाज करणारे हातबॉम्ब मिळतात. कोणाला काही लागत नाही, फक्त धडाम होतं, आणि खोलीतले सगळे 'मेले' असा नियम. माझ्यापासून हातभर अंतरावर तो फुटला.

पुढचे काही सेकंद सगळी माणसं मूकपटात असल्यासारखी दिसली. मग डाव्या कानात ट्यांsssss सुरू झालं. पोरं हसत होती, मीही हसलो. पण आतून चरकलो होतो, कारण तो ट्यां मी चांगला ओळखत होतो. पंधरा वर्षांपूर्वी वरळीच्या बीडीडी चाळीत भेटला होता.

* * *

ज्यांनी बीडीडी चाळ बाहेरूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडा इतिहास. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईडच्या काळात, १९२० साली, हे खातं निघालं. गिरण्यांसाठी गावाकडून लोंढे येत होते आणि त्यांना राहायला जागा नव्हती. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात २०७ इमारती आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधे लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, टोकाला सामायिक नळ आणि संडास.

आणि सगळं काँक्रीट. १९२० च्या दशकात ही फार आधुनिक गोष्ट होती. पण काँक्रीट आवाज पीत नाही, परत फेकतं. पॅसेजच्या एका टोकाला कुणी शिंकलं की दुसऱ्या टोकाचा माणूस 'सत्य आहे' म्हणायचा. दोन इमारतींमधली गल्ली तर आवाजाची घळच. लहानपणी आम्हाला ह्याचंच आकर्षण होतं. मैदानात फटाका फुटला तर 'फट', आणि गल्लीत फुटला तर 'धडाssम'. मग कोण मूर्ख मैदानात फोडणार?

दिवाळीत आम्ही प्रत्येक इमारतीपुढे किल्ला करायचो. माती, दगड, पोती, वर अळीव पेरलेलं, मावळे आणि सिंहासनावर महाराज. दिवाळी सरली की महाराजांना आणि मावळ्यांना मानाने उचलून घरी न्यायचं आणि किल्ला सुतळी बॉम्बने उडवायचा. त्याआधी चार दिवस लढाया चालायच्या. टिकल्यांची पिस्तुलं, लवंगी, चिमणी बॉम्ब, लक्ष्मी बार अशी शस्त्रांची चढती भाजणी, आणि सर्वात वर सुतळी. सुतळी डालड्याच्या डब्याखाली ठेवायची आणि कोणाचा डबा जास्त वर उडतो ते बघायचं. हा आमचा एअरसॉफ्ट. भाषण नाही, गॉगलही नाही.

२००८ ची दिवाळी. मी अकरा वर्षांचा. वात विझल्यासारखी वाटली, पोरं ओरडली "फुसका, फुसका!" आणि मी डबा उचलायला वाकलो.

हाताला काही झालं नाही. चेहऱ्यालाही नाही. नुसता कान. आईला सांगितलं की आंघोळीचं पाणी गेलंय. आजीने लसूण घालून कोमट केलेलं तेल दोन थेंब सोडलं (असं करू नका, पडदा फाटला असेल तर नसतं लफडं). ट्यां तीन दिवस टिकला आणि मग गेला. म्हणजे गेला असं मला वाटलं.

घरात फक्त एका माणसाच्या लक्षात आलं. आबांच्या. माझे आजोबा. मी जेवताना मान वळवून उजवा कान पुढे करत होतो. ते बराच वेळ बघत होते. मग नेहमीच्या, वीस खोल्यांना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "डावा गेला का रे?"

* * *

आबांना हे कळलं, कारण ते स्वतः तीस वर्षं मान वळवून जगत होते. साताऱ्याकडून आले आणि जवळच्याच एका गिरणीत साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. धोटा इकडून तिकडे फेकला जातो आणि दर खेपेला लाकूड-लोखंडावर आपटतो, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा. असे शेकडो साचे एका छपराखाली. अशा खात्यात १०० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. तिथे कोणी बोलत नाही. ओठ, भुवया, हात ह्यांवर काम चालतं. आबा ओठ इतके छान वाचायचे की समोरच्या इमारतीच्या गॅलरीत कोण काय कुजबुजतंय ते घरात बसून सांगायचे. आम्हाला ती जादू वाटायची. ती जादू का शिकावी लागली, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

इथे जरा आकडे घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. (इंजिनियर आहे, इलाज नाही.) डेसिबल हे साधं माप नाही, लॉगरिदमिक आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, ३ वाढले की दुप्पट. म्हणून ९० आणि १०० मधला फरक थोडासा नसतो, दहापट असतो. आपल्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि १०० डेसिबलला २ तास. अमेरिकेतली कामगार आरोग्याची संशोधन संस्था, नायॉश, त्याहून कडक आहे: ८ तासांना ८५ आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आबांची पाळी ८ तासांची होती आणि ते वीसएक वर्षं तिथे होते. हिशोब तुम्हीच करा.

कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक नळी आहे. त्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. लहर आली की हे तंतू वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. शेतातल्या गव्हासारखं समजा. वाऱ्याने लवला तर उठतो, गारपिटीने झोपला तर उठत नाही. फरक एवढाच की शेत पुढच्या वर्षी पेरता येतं. माणसात ह्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यात आधी मरतात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर पकडणाऱ्या. म्हणून असा माणूस बहिरा वाटत नाही. आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श', 'त', 'थ' निसटतात. 'सात' आणि 'आठ' सारखेच. घरचे म्हणतात, "ह्यांना पाहिजे तेव्हा बरोब्बर ऐकू येतं!" आमच्या घरीही हेच म्हणायचे.

हे ज्ञान काही कालचं नाही. इटलीतला वैद्य रामाझ्झिनी ह्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की व्हेनिसचे तांबट ठोकाठोकीने बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीतल्या कुणालाही हे सांगायला रामाझ्झिनी लागला नसता. १८८६ मधे ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार ह्यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. एकाचीही श्रवणशक्ती धड नव्हती. म्हणजे वरळीच्या चाळींचा पहिला दगड बसायच्याही तीसेक वर्षं आधी विज्ञानाला हे माहीत होतं.

गंमत बघा, तांबट नावाचा पक्षीही आहे, तोच तो टुक् टुक् करणारा. पक्ष्यांच्या कानातल्या ह्या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकात सिद्ध झालं. तांबट पक्ष्याला जी सोय आहे ती तांबट माणसाला नाही.

मग कायदा काय करत होता? आवाजाने आलेला बहिरेपणा हा भरपाई मिळण्याजोगा व्यावसायिक आजार आहे. राज्य विमा कायदा १९४८ चा. आणि भारतात ह्या आजाराची पहिली भरपाई मिळाली १९९६ मधे. मधली अठ्ठेचाळीस वर्षं मी कितीतरी वेळा मोजून पाहिली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांची गिरणी कायमची सुटली. आबाही त्यातलेच. म्हणजे पहिल्या माणसाला पैसे मिळाले तेव्हा आबांना साचा सोडून चौदा वर्षं झाली होती. त्यांनी कधी अर्ज केला नाही. कान ही पगारात कापून गेलेली वस्तू आहे असंच ते धरून चालले.

* * *

आता रस्त्यावर येऊ. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, पण परळ-लालबाग-वरळी काही शांत झालं नाही. आवाज कामातून खेळात आला.

आपल्याकडच्या आवाजाच्या कायद्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एक गोष्ट सारखी टोचत राहिली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात कलम ३८ आहे. वाद्यं-आवाज थांबवायचा अधिकार पोलिसांना कधी? तर आजूबाजूला राहणाऱ्यांना त्रास झाला तर. डॉ. यशवंत ओक १९८० च्या दशकापासून मुंबईत ह्या प्रश्नावर झगडले, २००३ पासून सुमेरा अब्दुलाली आणि पुढे त्यांची आवाज फाउंडेशन मीटर घेऊन रस्त्यावर उतरली. ह्या लोकांमुळेच आज आपल्याला निदान डेसिबल हा शब्द माहीत आहे. १४ फेब्रुवारी २००० ला ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, रुग्णालय, शाळा, कोर्ट ह्यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ फटाके बंद केले. ऑगस्ट २०१६ मधे ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर आदेश दिले.

सगळं योग्यच आहे. पण नीट पाहिलंत तर ह्या सगळ्यात माणूस एकच दिसतो, शेजारी. आजारी म्हातारा, अभ्यास करणारी मुलगी, तान्हं बाळ. त्यांची झोप, त्यांची शांतता. ती जपलीच पाहिजे. पण जो पोरगा स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून नाचतोय, जो डब्याखाली वात पेटवतोय, त्याचा कान ह्या चित्रात नाही. कायद्याच्या लेखी तो फक्त त्रास देणारा. त्याला स्वतःलाही काही होतंय, हे कोणाच्या डोक्यातच नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही.

फटाक्यांचा नियम तर मला कोडमधल्या बगसारखा दिसतो. ऑक्टोबर १९९९ ची अधिसूचना म्हणते: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी, शिखर) ह्यापेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचा, विकायचा, वाजवायचा नाही. (एआय हे झटक्याच्या आवाजाचं एक सरासरीवजा माप, शिखर म्हणजे त्या क्षणाचा सर्वोच्च दाब. कानाला दणका बसतो तो शिखराचा.) त्याच वर्षी, १९९९ मधेच, जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा अचानक आवाजाचं शिखर मोठ्यांच्या कानापाशी १४० च्या वर जाऊ नये आणि मुलांच्या कानापाशी १२० च्या. म्हणजे आपला 'कायदेशीर' फटाका चार मीटरवरसुद्धा मुलांच्या मर्यादेच्या २५ डेसिबल वर जाऊ शकतो.

आणि चार मीटरवर उभा कोण असतो? मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबल वाढतो. ४ मीटरला १४५, तर २ मीटरला १५१, १ मीटरला १५७, हातभर अंतरावर १६३. हा ढोबळ हिशोब मैदानातला. चाळीच्या गल्लीत काँक्रीट जे परत फेकतं ते ह्यात धरलेलं नाही. अगरबत्तीने वात पेटवणाऱ्या मुलाचा हात हातभरच असतो. पेटवून पळाला तर वाचला. वात आखूड निघाली किंवा तो 'फुसका' म्हणून परत वाकला, तर नियम पाळणारा फटाकाही त्याचा कान घेऊन जाईल आणि कोणाचाही नियम मोडलेला नसेल.

चेंबूरच्या आरसीएफ मैदानावर आवाज फाउंडेशन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ फटाके फोडून मोजतात. चांगलंच काम आहे. पण माप पुन्हा ठरलेल्या अंतरावरूनच. २०१८ मधे सर्वोच्च न्यायालयाने हरित फटाक्यांचा आदेश दिला, लडींवर बंदी आणली, पण त्यातही मुख्य चिंता हवेची.

हाच प्रकार दहीहंडीत. आमच्या जांबोरी मैदानावरच्या हंड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना थर आणि गर्दी वेगळी सांगायला नको. गोविंदा पडतात, मणके मोडतात, म्हणून २०१४ मधे उच्च न्यायालयाने उंची आणि वयावर बंधनं घातली, पुढे वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली, हेल्मेट आलं, विमा आला, २०२२ मधे सरकारने त्याला खेळाचा दर्जाही जाहीर केला. म्हणजे हा खेळ आहे आणि खेळाडूचं डोकं वाचवायला हवं, हे आपण मान्य केलं. त्याच खेळाडूंच्या बाजूला स्पीकरची भिंत उभी असते. ११० डेसिबलला नायॉशच्या हिशोबाने दिवसभराचा कोटा दीड मिनिटात संपतो. दीड मिनिटात एक गाणंसुद्धा पुरं होत नाही.

जाता जाता, आपण त्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी ह्या माणसाने १९६५ मधे कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज कमी करणाऱ्याचं नाव महाराष्ट्राने नेमकं कशाला दिलंय बघा!

* * *

इंग्लंडातला ट्यां ह्यावेळी तीन दिवसांत गेला नाही. शांत खोलीत तो अजूनही असतो, आत्ता हे लिहितानाही आहे. मुंबईला परत आल्यावर कान तपासून घेतले. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. कागदावर जो आलेख आला त्यात डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेली होती. डॉक्टर बाईंनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या फॅक्टरीत आहात?"

मी म्हटलं, मॅडम, सॉफ्टवेअरमधे आहे. सगळ्यात मोठा आवाज कीबोर्डचा.

त्या म्हणाल्या, हा खड्डा मशीनवरच्या लोकांत दिसतो. मग हल्ली तुमच्या वयाच्या मुलांत दिसतो.

आबा २०१६ मधे गेले. त्यांचा असा कागद कधी निघालाच नाही. निघाला असता तर दोन्ही कागद एकावर एक ठेवून बघितले असते. त्यांनी तो खड्डा पोटासाठी कमावला, पाळी करून. मी हौसेने, शनिवारी, पैसे भरून. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. २००९ मधे कुजावा आणि लिबरमन ह्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकणं पूर्ववत झालं तरी पेशी आणि मज्जातंतू ह्यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसांत हे नेमकं कितपत होतं ह्यावर अजून काम चालू आहे. पण '२००८ चा ट्यां तीन दिवसांत गेला' हे वाक्य मी आता पूर्वीसारखं म्हणत नाही.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळी बीडीडीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात आमचीही होती. १६० चौरस फुटांवरून ५०० वर. आई दोन दिवस नुसती ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. ऑक्टोबरात तिथली पहिली दिवाळी. ताईचा मुलगा आला, वय नऊ, पिशवीत सुतळी. कोणी दिल्या विचारलं तर "बाबांनी, पण तू आईला सांगू नकोस मामा."

मी त्याला रागावलो नाही. रागावून काय उपयोग, आम्हाला काय कमी लोक रागावले होते? त्याला घेऊन आमच्या एका मित्राकडे गेलो. त्याची इमारत तेव्हा अजून उभी होती, जुनी चाळ, तोच पॅसेज. सोबत मोजपट्टी घेतली होती. भाच्याला म्हटलं, चार मीटर म्हणजे किती ते दाखव. तो खोलीच्या दारात टोक धरून उभा राहिला, मी पट्टी ओढत आत गेलो. चार मीटर संपेपर्यंत पलीकडची खिडकी जवळजवळ हाताला आली. मग पॅसेजमधे आडवी धरली. पॅसेज आधी संपला.

म्हणजे ज्या अंतरावर आवाज मोजून फटाका पास करतात, ते अंतर ह्या चाळीच्या पॅसेजमधे आडवं मावतच नाही.

मग मैदानात गेलो. मी त्याला काय काय सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण फार थोडं आहे. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात चहा-वडापावच्या पैशात मिळतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नीट बसला तर १५-२० डेसिबल सहज कापतो. कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही. सुतळीसारख्या दणक्याला मात्र प्लगही कमी पडतो, तिथे अंतर हाच इलाज. डब्याखाली नाही, गल्लीत नाही, विझलेल्या वातीजवळ परत जायचं नाही. डीजेच्या समोर नाचायचंच असेल तर प्लग घालून आणि स्पीकरपासून लांब. आणि कानात शिट्टी किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर लसणाचं तेल नाही, थेट कानाचा डॉक्टर. उशीर केला तर उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

२०२२ मधे जागतिक आरोग्य संघटनेने संगीताच्या जागांसाठी मानक काढलं: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत, प्रेक्षकांसाठी इअरप्लग, आणि टेकायला एक शांत कोपरा. माझ्या वाचनात आलेल्या आवाजाच्या नियमांमधे नाचणाऱ्याचा कान धरलेला हा पहिलाच. आपल्या मंडळांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही. रक्तदान शिबिरं करणारी, गोविंदांचा विमा काढणारी मंडळं आहेत आपली. वर्गणीतून प्लगचा एक खोका घ्यायचा, स्पीकरपुढे चार मीटरवर दोरी बांधायची. मिरवणुकीला दोरी धरायची सवय पोरांना आहेच.

भाच्याने प्लग घातले, त्यांवरून माझे जुने हेडफोन चढवले (अंतराळवीर दिसत होता), मी वात पेटवली आणि दोघंही मोजून पंधरा पावलं पळालो. फुटला. मैदानात असल्यामुळे नुसताच 'फट'. त्याचा चेहरा पडला.

"मामा, हा फुसका होता."

म्हटलं, नाही रे. तो असाच ऐकायचा असतो.